कुंपणाकडची चार वांगी

सोमवार, ३ मार्च १९७५

काल लिहिलेल्या मजकुरात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. काल मी लिहिलं की शेजारच्या कमलाक्षीला पहाटे आमच्या पाळीत विहिरीचं, आमच्या बांयीचं पाणी नेताना पाहिलं. मी तिला पाहिलं नाही. मी पाहिली ती ओल. वांग्यांच्या ओळीपासून कुंपणाच्या खिंडीपर्यंत जमीन ओली होती, आणि खिंडीपलीकडे तिचं मागचं दार आहे. बाकीचं मी मनाने जोडलं आणि जोडलेलं 'पाहिलं' म्हणून लिहिलं.

गावातल्या आमच्या वाड्यावर शाळा आली ती गोवा मुक्त झाल्यावर. त्याआधी बाबांनीच मला घरी, ताटात राख पसरून, अक्षरं शिकवली. त्यांचा नियम होता की लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर खाली नवी ओळ घालून चुकलं असं लिहायचं. म्हणून कालची ओळ तशीच ठेवली आहे.

अडचण एवढीच, की बाबांना मी काल तोंडीही तेच सांगितलं. तोंडी सांगितलेल्याच्या खाली नवी ओळ कशी घालायची, ते त्यांनी शिकवलेलं नाही.

बुधवार, ५ मार्च

परसात काय काय आहे त्याची नोंद: वांगी अकरा, मिरचीची रोपं वीस, तांबडी भाजी दोन वाफे, अळसांदे, म्हणजे चवळी, एक मांडव, भेंडी सात. वांग्यांचं बी आईचं. कार्तिकात ती गेली तेव्हा चुलीवरच्या शिंक्यात राखेत घोळवलेली एक पुरचुंडी सापडली. दरवर्षी तीच पेरायची, तीच धरायची. हे बी यंदा रुजून फळाला आलं नाही तर पुढच्या वर्षी रुजणार नाही. एवढं मला ठाऊक आहे. बाकी भाजी कशी वाढवायची ते तिने हाताने केलं, मला तोंडाने सांगितलं नाही.

खाणीचे ट्रक रस्त्यावरून जातात तो लाल धुरळा पानांवर बसतो. आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने एकेक पान पुसते. दुपारपर्यंत पुन्हा लाल.

कुंपणाकडच्या चार वांग्यांच्या बुंध्याशी माशांची खवलं चमकत होती. आमच्याकडे आईचं वर्ष होईपर्यंत बाबांनी मासळी बंद केली आहे. मांजरांनीच कुठून तरी आणली असणार. मांजरांना हाकललं पाहिजे, मुळं उकरतील.

मंगळवार, १८ मार्च

आजपासून बांयीचं माप घेते. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आहेत. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी जातात ते रोज सकाळी मोजायचं. गाठी वाढल्या म्हणजे पाणी खाली गेलं. आज सतरा.

गुरुदास न्हायला बांयीवर आला, म्हणाला, "चंद्रे, बांय म्हणजे काय आजारी मनीस, रोज नाडी बघूक?" मी म्हटलं, आजारीच आहे. तो हसला नाही. एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीला हसतो.

माझा हा भाऊ यंदाच खाणीवर लागला आहे. खड्ड्यात साचणारं पाणी उपसून ओढ्यात सोडायचा पंप त्याच्या हाती आहे. पावसाआधी तळचा माल काढायचा म्हणून पंप दिवसरात्र चालतो. पंधरा मेला कायम होणाऱ्यांची यादी लागणार आहे. बाबांनी त्यासाठी देवीला नारळ बोलला आहे.

शनिवार, २९ मार्च

बांय: एकोणीस.

संध्याकाळी कमलाक्षी तिच्या पाळीच्या चार कळशा न्यायला आली. ती सगुण ट्रकवाल्याची बायको, दोडामार्गाकडची. गेल्या गणेशचवथीपासून शेजारच्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहतात. सकाळी बांय आमची, संध्याकाळी तिच्या चार कळशा, हे आईने ठरवून दिलं होतं. आईशी तिचं जमायचं. माझ्याशी ती बोलते, मला बोलता येत नाही.

मी भेंडीची पानं पुसत होते. ती म्हणाली, "पानां पुसतंस त्यापेक्षा पावडर लाव गो त्यांका. लग्नाक बसवतलंस काय?"

मी म्हटलं, धुरळ्याने पानं गुदमरतात.

"तुझ्या आवशीन कधी पुसूक नाय. ती म्हणायची, झाडाक खावक घाला, नुसता पाणी पुरणा नाय."

मी तिच्या कळशा मोजल्या. चारच होत्या. मोजताना तिने मला पाहिलं. शेवटची कळशी तिने थोडी रिकामीच नेली.

चार होत्या, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

सोमवार, १४ एप्रिल

या चार दिवसांचं सविस्तर लिहायला हवं.

गुरुवारी दहा तारखेला बावीस गाठी. शुक्रवारी सकाळी कमलाक्षी पाडव्यासाठी माहेरी गेली. शनिवारी पाडवा. गुरुदासला शुक्रवार दुपारपासून आजपर्यंत सुटी, खाण पूर्ण बंद होती. नुसता झोपून काढला त्याने सण. रविवारी सकाळी एकवीस. आज सकाळी वीस.

पाणी चढलं! भर चैत्रात! मी तीनदा दोर सोडून पाहिला.

बाबांनी वही हातात घेऊन एकेका आकड्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "ती गेली, आनी बांय भरली. आतां कसला पुरावो जाय?"

मी त्यांना त्या वेळी ओलीबद्दल सांगू शकले असते. पण आकडे तर खरे आहेत. आकडे मी मनाने जोडलेले नाहीत. ती असताना पाणी उतरत होतं, ती नसताना चढलं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. दीड महिना मी एका बाईवर खोटा आळ घेतला असं वाटत होतं. आता वाटतं की तो आळ खराच असेल, फक्त मला तो आधी कळला.

दुपारी कमलाक्षी परतली. येताना आमच्यासाठी फणसाचे गरे घेऊन आली. बाबांनी ते गाईला घातले.

बुधवार, १६ एप्रिल

बाबांनी कमलाक्षीला अंगणात बोलावलं. सगुण ट्रकवर गेला होता. ती ओले हात पदराला पुसत आली, मला वाटतं मासळी धूत होती. बाबांनी बसायला सांगितलं नाही.

"कमलाक्षी, पाळी ठरलेली आसा. ती मोडून तूं पहाटे पाणी व्हरता."

"कोण सांगता?"

"आमची चंद्रा खोटें लिहिना."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "चंद्रा बाय, तू माका पाणी काढताना बघलंस?"

मी खांबाला धरून उभी होते. मी म्हटलं, "वहीत आहे."

"वहीत आसा? मगे वहीकच विचारतंय. वही गो, तू माका बघलंस काय?"

वाड्यावरच्या दोघीतिघी कुंपणापाशी उभ्या होत्या, त्या हसल्या. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बांयीवरचा तिच्या बाजूचा कप्पीचा गडगडा उतरवला, दोर गुंडाळला आणि दोन्ही कोठीत ठेवून कुलूप लावलं. ती एवढंच म्हणाली, "मी पाणी चोरूक नाय. पण तुमी बांय बंद केलात, ती माझी एकटीचीच बंद झाली असा समजू नकात." याचा अर्थ मला कळला नाही. शाप असावा. मी तुळशीला दिवा लावला.

गुरुवार, २४ एप्रिल

बांय: चोवीस.

आठ दिवस ती बांयीला शिवलेली नाही. डोंगराखालच्या झरीवर जाते, एका खेपेला तास लागतो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तरी पाणी वीसवरून चोवीसला गेलं. मी आकडा दोनदा तपासला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "वैशाख लागताना उतरतेंच. इतकीं बारीक मापां कित्याक?" माप घ्यायला बाबांचीच शिकवण, त्यांनीच असं म्हणावं याचं आश्चर्य वाटलं. उन्हाने त्रासले असतील.

दुसरी गोष्ट. कुंपणाकडची चार वांगी, जी आतापर्यंत सगळ्यांत तजेलदार होती, ती माना टाकत आहेत. बाकीच्या सातांना मी जेवढं पाणी घालते तेवढंच यांना घालते. आधी हीच चार एवढी चांगली का होती, हेही मला कधी समजलं नव्हतं. आईच्या बियाचा गुण असेल म्हणून सोडून दिलं होतं. पण सातही आईच्याच बियाची आहेत.

तांबड्या भाजीचा एक वाफा गेला.

सोमवार, २८ एप्रिल

बांय: पंचवीस.

बाबा आज गुरुदासच्या कामासाठी खाणीच्या ऑफिसात गेले होते. परतल्यावर अंगरखाही न काढता म्हणाले की कमलाक्षीचा विषय देवळातच मिटवू या. सोमवारी बारा मेला देवीला प्रसाद लावायचा. गुरव देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली तर कमलाक्षीने खोली सोडायची. घरमालकाशी बोलणं झालं आहे.

मग मला म्हणाले, "गाऱ्हाण्याच्या वेळार चार मनशांक दाखोवपाक मापांची एक शुद्ध प्रत कर. पाडव्यामेरेन पुरो. फुडलीं नाकात."

पाडव्यापर्यंतचीच का, असं विचारलं. म्हणाले, लांबण नको. बरोबर आहे, देवळात एवढं कोण वाचत बसणार. मी चौदा एप्रिलपर्यंतची मापं सुवाच्य अक्षरांत उतरवली. वर त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलं, "दोन मार्चला पहाटे कमलाक्षी पाणी नेताना दिसली." खाली माझी सही.

सही करताना हात थांबला होता, पण थांबला तेवढाच.

रविवार, ४ मे

गुरुदास परवा शुक्रवारी दुपारी अचानक घरी आला. पंपाचा कसलासा भाग तुटला, तो वास्कोहून यायचा आहे. दोन दिवस पंप बंद. शुक्रवारी सकाळी सव्वीस गाठी होत्या. काल सकाळी पंचवीस. आज सकाळी चोवीस.

कमलाक्षी कुठे गेलेली नाही. ती झरीवरून पाणी आणत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. या वेळी पाहिलं म्हणजे पाहिलं.

दोर बांयीच्या काठावरच टाकला. मग आत जाऊन वही काढली. पाडव्याला कमलाक्षी गेली होती. पाडव्याला खाणही बंद होती. मीच लिहिलं आहे ते, एकाच परिच्छेदात, एकाखाली एक.

गुरुदास माडीच्या पायरीवर बसून पाव चहात बुडवून खात होता. मी वही त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचली नाही.

"म्हाका फाल्गुनांतच कळलें," तो म्हणाला. "खड्ड्याच्या वयल्या कुशीक झरो फुटलो. थंड, गोड पाणी. खाणीचें पाणी अशें गोड आसना. तें बांयांचें."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाक सांगूं? पंप मी बंद केलो तर दुसरो चालू करतलो. फरक इतकोच, पगार दुसऱ्याच्या घरा वतलो."

"आणि कमलाक्षी?"

"तिचो घोव माल खंयचो भरता? त्याच खड्ड्यातलो. आमी सगळे त्याच खड्ड्याचेर जगतांव, चंद्रे." पावाचा तुकडा कपात पडून विरघळला. मग म्हणाला, "यादी पंधराक लागता. तितलें जांव दी. मागीर वहीत कितेंय बरय."

पंधरापर्यंत थांबायचं आणि प्रसाद बाराला.

मी विचारलं, बाबांना हे सांगू का? तो उठून बांयीकडे गेला आणि चूळ भरत राहिला. बाबांना हे ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर त्यांनी देवीपुढे गाऱ्हाणं ठेवलंच नसतं.

मंगळवार, ६ मे

बांय: पंचवीस. पंप काल सुरू झाला.

कमलाक्षीकडे गेले. जाताना दोन वांगी घेतली, रिकाम्या हाताने जायचा धीर नव्हता. खिंडीतून पहिल्यांदाच पलीकडे गेले. ती मागच्या दारात बांगडे धूत होती. एका बालदीत पाणी घेऊन त्यातच सगळे बांगडे धुतले, आणि ते पाणी दाराशेजारच्या दुधीला घातलं. खवलं बुंध्याशी चमकत राहिली.

मी तशीच उभी राहिले. तिने वर पाहिलं.

"काय गो? दुधयेक दृष्ट लावतंस?"

"वांग्यांनाही तूच घालत होतीस?"

"मगे कोण? तुझी आवय सांगान गेली, कुंपणाकडच्या चारांका माशाचा पाणी घाल, बी त्यांचाच धरतत. पहाटे घालूचा, उन्हाच्या आदी. दूध पिणाऱ्या पोरासारखी वाढतत. आता झरीवरच्या पाण्यात माझाच भागणा नाय, तर वांग्यांका खयसून घालू?"

ती ओल बाहेर जाणाऱ्या पाण्याची नव्हती. आत येणाऱ्या पाण्याची होती. खिंडीतून वांग्यांपर्यंत. मी ती उलटी वाचली.

"तू हे अंगणात का सांगितलं नाहीस?"

"तुझो बापूस मासळी सोडून बसलो हा. मी त्याच्या परसात माशाचा पाणी ओतलंय, ह्या तेका सांगू?" ती थोडी हसली. "आनी तू हुतंस मा थय उभी. माका वाटला, तू सांगशीत."

सांगायला गेले होते ते राहिलंच. मी म्हटलं, "सोमवारी देवळात येशील?"

"येतलंय तर. माका भिया नाय. देवी खोटा सांगूची नाय."

मी वांगी उंबऱ्यावर ठेवून आले. क्षमा मागितली नाही, हेही लिहिते.

गुरुवार, ८ मे

अळसांद्यांचा मांडव गेला. भेंडी दोन उरल्या. लिहायला दुसरं काही नाही.

शनिवार, १० मे

बांय: सत्तावीस. दोर संपत आला.

कुंपणाकडच्या चारपैकी तीन वाळली. चौथ्यावर बियाचं म्हणून राखलेलं वांगं पिवळं धमक झालं आहे. झाड जवळजवळ मेलं आणि फळ पिकलं. आज ते काढलं, चिरलं, बी धुऊन राखेत घोळवलं आणि दोन पुरचुंड्या केल्या. एक शिंक्यात ठेवली. दुसरी कमलाक्षीची. ते तिच्या पाण्यावर पिकलं आहे.

सकाळी बाबांना म्हटलं, सोमवारचं गाऱ्हाणं पुढे ढकलू या का. ते वाफ्याकडे पाहत म्हणाले, "पंधरा उपरांत ढकलून कितें फायदो?" मी पंधरा तारखेचं नाव काढलं नव्हतं.

तेव्हापासून हे वाक्य मी मनात उलटसुलट करते आहे. अठ्ठावीस एप्रिलची नोंद पुन्हा वाचली. ऑफिसातून आले, अंगरखा न काढता बोलले, प्रत पाडव्यापर्यंतचीच मागितली. मी पुढे काही जोडत नाही. एकदा जोडून पाहिलं आहे. फक्त ओळी जशा आहेत तशा इथे ठेवते.

कमलाक्षी म्हणते देवी खोटं सांगणार नाही. मलाही तसंच वाटतं. पण माझी भीती वेगळी आहे. माणसाला ठाऊक नसतं ते देवाला विचारायचं. मला ठाऊक आहे. ठाऊक असून गप्प उभी राहिले आणि पाकळी डावी पडून कमलाक्षी सुटली, तरी माझं खोटं खोटंच राहील. आणि उजवी पडली तर माझ्या सहीवर एका बाईचं घर जाईल, आणि ते देवीच्या नावावर लिहिलं जाईल.

मी बोलले तर गुरुदासचं नाव यादीत लागणार नाही. तो मला काही बोलणार नाही, आणि तेच सोसणार नाही. बाबा त्या देवळात चार माणसांत खाली पाहतील. ज्यांनी राखेत बोट धरून मला 'ख' शिकवला त्यांना मी खाली पाहायला लावणार. हे सगळं लिहून पाहिलं, यातलं काही कमी होत नाही.

दुरुस्ती: शुद्ध प्रतीत लिहिलं आहे की दोन मार्चला कमलाक्षी पाणी नेताना दिसली. ते चुकीचं आहे. मला कोणीही दिसलं नाही. सही माझी आहे. बांयीचं पाणी खाणीचा पंप ओढतो. वरची सगळी मापं, आजच्या सकाळपर्यंतची, याला साक्ष आहेत.

ही ओळ वहीत घातली. आता ती तोंडी घालायची. मूळ वही आणि पुरचुंडी दोन्ही घेऊन जाणार. वाटेत कमलाक्षीच्या दाराशी थांबून, अंगणात तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर आधी तिला देणार. मग देवळात, सगळ्यांदेखत.

परवा, सोमवार, १२ मे, सकाळी आठ वाजता. गुरवाने पाकळ्या ओल्या करायच्या आत.